स्केचअपमध्ये सीनचा कॅमेरा दर वेळी सरकतो? आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा भागात, गावाकडच्या घरांचे नकाशे आणि स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची थ्रीडी मॉडेलं काढतो. आमच्याकडे घर एका दमात होत नाही. कापूस विकला की जोतं, तूर निघाली की भिंती, स्लॅब पुढच्या उन्हाळ्यात. त्यामुळे एकाच घराचे चार-पाच व्ह्यू घरमालकाच्या हातात वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पडतात, आणि तो ते शेजारी-शेजारी ठेवून बघतो.

एक काका असेच दोन छापील कागद घेऊन आले होते. एक दसऱ्याचा, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला, आणि एक आठवड्यापूर्वीचा. दोन्ही टेबलावर ठेवून त्यांनी ओट्यावर बोट ठेवलं. "भाऊ, मांगच्या कागदात त ओटा चांगला लांब होता. आता कायले तोडला?" ओटा दोन्ही वेळा अठरा फूटच होता. मी टेपने मॉडेलमध्ये मोजून दाखवला, पण कागदावर तो लहान दिसत होता हेही खरंच होतं. त्याच कागदावरून त्यांनी मुलीच्या लग्नाला मांडव कुठवर येईल ते घरात सांगून ठेवलं होतं. चूक माझी होती. कॅमेऱ्याची जागा तीच, पण बघण्याचा कोन पहिल्या वेळी ३५ अंश आणि दुसऱ्या वेळी ५२. सगळं घरच आकसलं होतं, आणि त्यात त्यांना आधी ओटा दिसला.

त्यानंतर हा दोष मी माझ्या आणि आजूबाजूच्या पोरांच्या फायलींत इतक्या वेळा काढला आहे की तपासायचा क्रम आता हाताला बसला आहे. फुकटातलं आणि मिनिटाभराचं आधी, डोकेदुखीचं शेवटी.

लक्षणं

सीन म्हणजे नाव देऊन जतन केलेला व्ह्यू. त्याच्या टॅबवर क्लिक केलं की घर मागच्या वेळेपेक्षा थोडं डावीकडे, थोडं लांब किंवा थोडं खाली दिसतं. तीच फाईल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की कडेची खोली कापली जाते. खांब आणि भिंतींच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. 'फ्रंट' दाबलं तरी घर तिरकं उभं राहतं. समोरची भिंत गायब होते, किंवा जवळ गेलं की चाकूने कापल्यासारखी उघडी पडते. स्क्रीनवर चौकट एक आणि एक्स्पोर्ट केलेल्या चित्रात दुसरीच. कॅमेरा जागेवर असतो पण सावली फिरलेली असते, आणि घरमालक म्हणतो की घराचं तोंड बदललं.

यातलं कोणतं लक्षण आहे ते आधी नीट ओळखा. सरकणं, कापणं आणि तिरकं होणं हे तीन वेगळे आजार आहेत.

फाईल तीच आहे का

हसू येईल, पण निम्म्या वेळा इथेच सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'फायनल', डाऊनलोडमधली 'फायनल-२' आणि पेन ड्राइव्हवरची तिसरी. लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला आणि परत आल्यावर ऑटोसेव्हची फाईल उघडली, असंही होतं. सीन फाईलमध्येच जतन होतात, त्यामुळे जुन्या फाईलमध्ये जुनाच कॅमेरा असणार. तारीख आणि वेळ बघून घ्या.

कॅमेरा नुकताच हातून हलला असेल तर कंट्रोल-झेड दाबत बसू नका. त्याने काढलेल्या रेषा मागे जातील, कॅमेरा जागेवर येणार नाही. कॅमेरा मेनूतल्या 'प्रीव्हियस'ने मागचा व्ह्यू येतो. आणि सीन जतन केलेला असेल तर टॅबवर पुन्हा क्लिक करणं पुरेसं आहे.

अपडेट कोणी दाबलं

सगळ्यात जास्त घरं इथे सरकतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

सीन म्हणजे नुसता कॅमेरा नाही. सीन्सच्या पॅनेलमध्ये खाली चौकटींची यादी असते: कॅमेऱ्याची जागा, लपवलेल्या वस्तू, कोणते टॅग (वस्तूंचे चालू-बंद करता येणारे गट) दिसतात, कोणता सेक्शन (घर कापून आतलं दाखवणारं प्रतल) चालू आहे, स्टाईल आणि धुकं, सावली, अक्षांची जागा. ज्या चौकटीत टिक आहे तेवढंच तो सीन लक्षात ठेवतो. स्केचअप मेक २०१७ अजून बरेच जण वापरतात, त्यात टॅगला लेयर म्हणतात. काम तेच.

आता होतं काय, की मालक म्हणतो सावली जरा संध्याकाळची करा. तुम्ही सावली बदलता, बदलताना घर जवळून बघायला थोडं ऑर्बिट करता, म्हणजे कॅमेरा घराभोवती फिरवता, मग टॅबवर राईट क्लिक करून 'अपडेट' दाबता. सावली जतन झाली, आणि तुम्ही जिथे उभे होतात ती कॅमेऱ्याची नवी जागाही त्याच क्षणी जतन झाली. जुनी गेली.

यावर उपाय दोन. पहिला, टॅबवरून अपडेट करायची सवय सोडा. सीन्सच्या पॅनेलमध्ये अपडेटचं बटण आहे, ते दाबलं की काय काय बदलायचं ते आधी विचारतो. तिथे कॅमेऱ्याची टिक काढा आणि मगच पुढे जा.

दुसरा उपाय मला जास्त पटलेला आहे: सीनची दोन घराणी करा. एका घराण्यात फक्त कॅमेऱ्याची टिक ठेवा, बाकी सगळ्या काढा. 'रस्त्यावरून', 'निंबाखालून', 'सांदवाडीतून', 'बैठकीतून' अशी जागेची नावं द्या. दुसऱ्या घराण्यात कॅमेऱ्याची टिक काढा आणि टॅग, सावली, सेक्शन ठेवा. त्यांची नावं 'जोतं', 'भिंती', 'स्लॅब', 'रंगासह'. आधी 'निंबाखालून' दाबा, मग 'भिंती'. कॅमेरा हलणार नाही, फक्त घराचा टप्पा बदलेल. आता टप्प्याचा सीन शंभर वेळा अपडेट केला तरी कॅमेऱ्याला धक्का लागत नाही, कारण तो सीन कॅमेऱ्याला ओळखतच नाही. टप्प्याटप्प्याने घर बांधणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही रचना फार कामाची आहे.

कोन किती आहे

झूम टूल निवडा आणि खाली उजव्या कोपऱ्यातल्या आकड्याच्या चौकटीत बघा. स्केचअपचा मूळ कोन ३५ अंश असतो. झूम टूल हातात असताना शिफ्ट दाबून माऊस ओढला की घर जवळ येत नाही, कोन बदलतो. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं आपण झूमच केलं. चौकटीत ३५ सोडून दुसरं काही दिसलं तर ३५ टाईप करून एंटर करा. अंशांऐवजी एमएम दिसत असेल तर तो लेन्सचा आकडा आहे. आकड्यानंतर अंशाचं 'डीईजी' लिहून द्या.

हा आकडा महत्त्वाचा का, ते हिशेबाने सांगतो. स्केचअपमध्ये हा कोन उभा मोजला जातो. ३५ अंश आणि १६:९ ची खिडकी असेल तर कॅमेऱ्यापासून जितकं अंतर, त्याच्या साधारण १.१२ पट रुंदी चौकटीत मावते. तीस फुटी समोरचा भाग पूर्ण दिसायला सत्तावीस फूट मागे जावं लागतं. आपल्या गावठाणात बारा फुटांची गल्ली. गल्लीच्या पलीकडच्या कडेला उभं राहिलं तर साडेतेरा फूटच दिसणार. मग माणूस शिफ्ट दाबून कोन वाढवतो, आज ५०, पुढच्या महिन्यात ५५, आणि घर दर वेळी वेगळं. त्यापेक्षा समोरच्या शेजाऱ्याचं घर एका टॅगवर टाकून बंद करा आणि खुशाल त्याच्या अंगणात सत्तावीस फुटांवर कॅमेरा उभा करा. मॉडेलमध्ये कोणी हाकलत नाही.

आतल्या खोल्यांना वेगळा आकडा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत ३५ अंशांत एक भिंतही धड दिसत नाही. मी आत ५५ ठेवतो. साठच्या पुढे गेलं की कडेचा पलंग ताणून लांब होतो आणि खोली हॉलएवढी वाटते. ते घरमालकाला दाखवणं मला योग्य वाटत नाही, तो त्या खोलीत दिवाण घेऊन येतो आणि मग दार लागत नाही.

भिंती झुकतात, फ्रंट तिरकं येतं

कॅमेरा वर किंवा खाली वाकला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. मोबाईलने देवळाच्या कळसाचा फोटो काढताना होतं तेच. कॅमेरा मेनूत 'टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह' लावलं की रेषा सरळ उभ्या राहतात. पण ऑर्बिट केलं की ते सुटतं आणि साधं पर्स्पेक्टिव्ह परत येतं, सांगतही नाही. म्हणून टू-पॉइंट लावल्यावर चौकट फक्त पॅनने, म्हणजे हाताच्या टूलने, वर-खाली करा आणि लगेच सीन जतन करा.

'फ्रंट' दाबूनही घर तिरकं येत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, कॅमेरा मेनूत 'पॅरलल प्रोजेक्शन', म्हणजे जवळचं-लांबचं एकाच मापाने दाखवणं, चालू आहे का. 'फ्रंट' दाबल्याने ते आपोआप चालू होत नाही, आणि त्याशिवाय जो दिसतो तो समोरून काढलेला फोटो असतो, एलिव्हेशन, म्हणजे मापाचं दर्शनी चित्र, नव्हे. दोन, अक्ष. 'फ्रंट', 'टॉप', 'लेफ्ट' हे सगळे व्ह्यू लाल-हिरव्या अक्षांच्या हिशेबाने येतात. गावठाणातला प्लॉट रस्त्याला काटकोनात असेल असं नाही, म्हणून काढायच्या सोयीसाठी आपण मध्येच कुठल्यातरी भिंतीला अक्ष लावतो आणि विसरतो. अक्षावर राईट क्लिक करून 'रिसेट' करा. मग घराच्या समोरच्या भिंतीला विचारपूर्वक अक्ष लावा आणि एलिव्हेशनच्या सीनमध्ये अक्षांची टिक ठेवा. सूर्य मूळच्या उत्तरेनेच फिरतो, त्यामुळे सावली बिघडत नाही.

दुसऱ्या लॅपटॉपवर कडा कापल्या जातात

कोन उभा मोजला जातो, हे वर सांगितलं ते इथे उपयोगी पडतं. खिडकी अरुंद झाली की उंची तेवढीच राहते आणि दोन्ही बाजू कापल्या जातात. सत्तावीस फुटांवरून १६:९ च्या स्क्रीनवर तीस फूट दिसत होते. जुन्या ४:३ च्या मॉनिटरवर तोच सीन उघडला तर पावणेतेवीस फूटच दिसतात. साडेसात फूट गेले, म्हणजे एका बाजूची छपरी आणि दुसऱ्या बाजूचा जिना. उजवीकडचा ट्रे, म्हणजे पॅनेलांची पट्टी, उघडा ठेवला तरी चित्राची जागा अरुंद होते आणि तोच प्रकार होतो.

म्हणून एक शिस्त लावून घ्या: एक्स्पोर्ट करताना ट्रे नेहमी एकाच स्थितीत, खिडकी पूर्ण मोठी. टू-डी एक्स्पोर्टच्या ऑप्शन्समध्ये 'यूज व्ह्यू साईझ'ची टिक काढून रुंदी १९२० घाला. उंची किती येते ते बघा आणि लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच उंची आली नाही तर खिडकीचा आकार बदललेला आहे, चित्र काढण्याआधीच कळेल. आणि महत्त्वाचं घर कडेला चिकटवू नका, दोन्ही बाजूंना एका माणसाची रुंदी तरी मोकळी सोडा.

स्क्रीनवर दोन्ही कडेला राखाडी पट्टे दिसत असतील तर कॅमेऱ्याला ठरावीक गुणोत्तर दिलेलं आहे. बहुतेक वेळा रेंडरच्या प्लगइनने दिलेलं असतं, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो, आणि मग विटांच्या रेघा पुसट होऊन वेगळीच शंका येते.

दोन खुंट्या

इथपर्यंतचं सगळं तपासून झालं आणि तरी कॅमेरा दर वेळी 'साधारण तिथेच' येतो, नेमका तिथे येत नाही, तर कारण सरळ आहे: त्याला नेमकी जागा कधी दिलेलीच नाही. माऊसने फिरवून, डोळ्याला बरं वाटलं तिथे थांबून सीन जतन केला. तो सीन हरवला तर तीच जागा परत मिळणं नाही.

पोझिशन कॅमेरा टूलने एकदाच क्लिक केलं तर कॅमेरा त्या जागेवर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा राहतो. मूळ उंची ५ फूट ६ इंच. पण तोंड कुठे असेल ते तेव्हाच्या स्क्रीनवर अवलंबून असतं. म्हणून मी क्लिक करत नाही, ओढतो, आणि ओढण्यासाठी दोन खुंट्या ठोकतो.

पद्धत अशी. घराच्या जोत्याचा समोरचा डावा कोपरा शून्य बिंदूवर, म्हणजे तिन्ही अक्ष मिळतात तिथे, ठेवा. तिथून मोजून, समजा समोर २७ फूट आणि उजवीकडे १५ फूट, जमिनीवर एक बिंदू घ्या. त्यावर ५ फूट ६ इंचांची उभी रेघ काढा. ही पहिली खुंटी, इथे माणूस उभा आहे. दुसरी खुंटी घराच्या दाराशी, तो जिथे बघतो तिथे. ती जमिनीवरून मोजू नका, जोतं दोन-अडीच फूट उंच असतं. दोन्ही खुंट्यांची डोकी एकाच पातळीत यायला हवीत, मग दुसरी खुंटी जोत्याच्या वर तीन-साडेतीन फूटच दिसेल. आता पोझिशन कॅमेरा घ्या, पहिल्या खुंटीच्या डोक्यावर माऊस नेला की टोकाची हिरवी टिकली दिसते, तिथे दाबून धरा, दुसऱ्या खुंटीच्या डोक्यावरची हिरवी टिकली येईपर्यंत ओढा आणि सोडा.

आणि सोडल्यावर माऊसला हात लावू नका. त्या क्षणी स्केचअप आपोआप 'लुक अराउंड'मध्ये गेलेला असतो, डोळ्याची खूण दिसते. माऊस दाबून जरासा हलवला तरी मान वळते. सरळ स्पेसबार दाबा म्हणजे बाण परत येईल, मग कोन ३५ आहे का बघा, मग नवा सीन जोडा. माझ्याकडे बसणाऱ्या पोरांचे बहुतेक कॅमेरे याच दोन सेकंदांत वाकडे होतात.

दोन्ही डोकी एका पातळीत असल्यामुळे कॅमेरा आडवा सपाट बघतो, त्यामुळे उभ्या रेषा आपोआप सरळ येतात. टू-पॉइंटची गरजसुद्धा पडत नाही. घराचा माथा वर कापला जात असेल तर कॅमेरा वाकवू नका, खुंटी मागे घ्या.

खुंट्यांचा ग्रुप करा, 'खुंट्या' नावाच्या टॅगवर ठेवा आणि टॅग बंद करा. फाईलच्या बाहेरही, वहीत, प्रत्येक घरापुढे चार आकडे लिहा: समोर किती, बाजूला किती, डोळ्याची उंची, कोन. 'निंबाखालून – २७, १५, साडेपाच, ३५.' फाईल उडाली तरी कॅमेरा या आकड्यांवरून अर्ध्या मिनिटात परत उभा राहतो. काकांच्या घराचा सध्याचा व्ह्यू याच आकड्यांनी लावलेला आहे.

भिंत गायब, सावली फिरलेली

भिंत गायब असेल तर आधी टॅग, मग लपवलेल्या वस्तू, मग सेक्शन प्लेन, याच क्रमाने बघा. नवा टॅग तयार केला की तो जुन्या सीनमध्येही दिसू लागतो. त्यामुळे 'जोतं' या सीनमध्ये अचानक गच्चीवरची टाकी तरंगताना दिसू शकते. तो टॅग बंद करा आणि त्या सीनपुरतं टॅगचं अपडेट करा.

सावलीचं मात्र मनावर घ्या, कारण लोक त्यावर निर्णय घेतात. मॉडेलला गावाची जागा दिलेली नसेल तर टेम्प्लेटमधली मूळ जागा असते ती अमेरिकेतल्या बोल्डर गावाची, अक्षांश ४०. दारव्हा २०.३ अंशांवर आहे. डिसेंबरमधल्या सगळ्यात लहान दिवशी भर दुपारी दहा फुटी भिंतीची सावली आपल्याकडे साडेनऊ फूट पडते, बोल्डरच्या हिशेबाने वीस फूट. जूनमध्ये तर दिशाच उलटते: २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, सावली अर्धा फूट का होईना पण दक्षिणेला पडते. बोल्डरच्या सेटिंगवर ती तीन फूट उत्तरेला दिसेल. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बंगई कुठे टांगायची हे माणूस या चित्रावरून ठरवत असेल, तर चित्र खरं असायला हवं. जिओ-लोकेशनने गाव निवडा, सावलीच्या पॅनेलमध्ये वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे ना ते बघा, आणि सगळ्या टप्प्यांना एकच तारीख आणि एकच वेळ ठेवा.

जवळ गेलं की घर कापलं जातं

हा अवघड प्रकार. भिंती थरथरतात, ऑर्बिट केलं की घर उडी मारतं, जवळ गेलं की समोरचा भाग नाहीसा होतो. आधी पॅरलल प्रोजेक्शन बंद करून आणि कोन ३५ करून बघा, कधी तेवढ्यानेच जातं. नाही गेलं तर 'झूम एक्स्टेंट्स' दाबा. घर माशीएवढं झालं तर कुठेतरी लांब एखादी सुटी रेघ पडलेली आहे, किंवा घरच शून्य बिंदूपासून फार लांब आहे.

घर शून्यापासून इतकं लांब कसं जातं? सर्व्हेची डीडब्ल्यूजी, म्हणजे कॅडची, फाईल यूटीएमच्या आकड्यांत आलेली असते. यूटीएम म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. आपल्या अक्षांशावर उत्तरेचा आकडा बावीस लाख मीटरच्या पुढे जातो. घर शून्यापासून दोन हजार किलोमीटरहून लांब उभं राहतं, आणि इतक्या मोठ्या आकड्यांत इंचाचा हिशेब स्क्रीनला झेपत नाही. फाईल आणतानाच ऑप्शन्समध्ये 'प्रिझर्व्ह ड्रॉइंग ओरिजिन'ची टिक काढा. आधीच आणली असेल तर सगळ्याचा ग्रुप करा, मूव्ह टूलने जोत्याचा कोपरा उचला आणि चौकोनी कंसात स्वल्पविराम देऊन तीन शून्यं टाईप करा. कोपरा शून्यावर येईल. पण सीनमधले कॅमेरे घरासोबत येत नाहीत. ते होते तिथेच राहतात, आणि जुना प्रत्येक सीन रिकाम्या जागेकडे बघत बसतो. म्हणून हे काम सीन करायच्या आधी करायचं. नंतर केलं तर खुंट्यांवरून सगळे कॅमेरे पुन्हा लावावे लागतात.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. यूटीएममध्ये पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. झोन ४३ आणि ४४ ची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, आणि ती रेषा यवतमाळ जिल्ह्यातून जाते. यवतमाळ शहर, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये, दारव्हा, दिग्रस, पुसद, अकोला, अमरावती शहर ४३ मध्ये. दारव्ह्याच्या प्लॉटचा पूर्वेचा आकडा ४३ मध्ये पावणेआठ लाखांच्या पुढे येतो, ४४ मध्ये दोन लाखांच्या आत. एवढंच असतं तर सरकवून भागलं असतं. पण दोन्ही झोनची उत्तर इथे एकमेकींपासून सुमारे २ अंशांनी वेगळी आहे. एक तुकडा एका झोनमधला आणि दुसरा दुसऱ्या झोनमधला जोडला तर कुंपण आणि घर यांच्यात २ अंशांचा तिरकेपणा येतो, आणि 'फ्रंट' कधीच सरळ बसत नाही. माझ्याकडे एका जागेची अशी मिश्र फाईल आली होती. दोन दिवस मी अक्ष फिरवत राहिलो, मग आकडे वाचले तेव्हा कळलं.

नवी फाईल, जुना कॅमेरा

स्केचअपची फाईल दुसऱ्या फाईलमध्ये इम्पोर्ट केली की सीन सोबत येत नाहीत. म्हणून उलटं करा: सीन असलेली जुनी फाईल उघडा, नव्या घराला कॉपी करून तिथे 'पेस्ट इन प्लेस' करा. दोन्हीकडे जोत्याचा कोपरा शून्यावर असेल तर घर बरोबर जागेवर बसतं.

बांधकामाच्या फोटोवर मॉडेल बसवायचं असेल तर 'मॅच फोटो' आहे, पण फोटो न कापलेला हवा आणि कोपऱ्यातून, दोन्ही भिंती दिसतील असा काढलेला हवा. मिस्त्रीने कापून पाठवलेल्या फोटोवर कितीही वेळ घालवा, बसत नाही. दुसरा फोटो मागवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रिकाम्या फाईलमध्येसुद्धा स्क्रीन थरथरत असेल, काळी पडत असेल, तर दोष सीनचा नाही. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर एकदा नवा टाकून बघा. त्याने गेलं नाही तर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आणखी ड्रायव्हर उतरवून टाकत बसू नका.

'मॉडेल इन्फो'मध्ये 'स्टॅटिस्टिक्स'खाली 'फिक्स प्रॉब्लेम्स' आहे. ते चालवल्यावर दर वेळी नव्या चुका निघत असतील तर त्या फाईलवर काम थांबवा, प्रत काढून ठेवा आणि जाणकाराला द्या.

आकडे कोणत्या झोनचे ते फाईल बघून ठरत नसेल तर सर्व्हे करणाऱ्यालाच विचारा, अंदाजाने फिरवू नका. आणि शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर स्केचअपचा कोणताही व्ह्यू पुढे करू नका. ती मोजणी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून होते.

घरमालक व्ह्यू बघून म्हणाला, "एक खांब काढून टाका, चांगलं दिसून रायलं त्याच्याबिगर," तर खांबाचा टॅग बंद करून दाखवायला हरकत नाही, पण नकाशातून काढायचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. खांब, बीम आणि पायाबद्दल व्ह्यू काहीच सांगत नाही.

यांपैकी कोणाकडेही जाताना मूळ फाईल देऊ नका, प्रत द्या. सोबत सीनच्या चौकटींचा स्क्रीनशॉट, एक्स्पोर्टची रुंदी-उंची आणि वहीतलं त्या घराचं पान घेऊन जा.